काळ्या दगडातले वीतभर प्राणी

(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनीही वाचण्यास हरकत नाही.)



या वेळचा पाठ दगडावर आहे. मराठीत दगड हा शब्द आपण बहुधा रागावूनच वापरतो. "डोक्यात काय दगड भरलेत?" असे तुम्ही घरी कधी ना कधी ऐकले असेलच. आम्हीही लहानपणी ऐकले आहे. पण या पाठातले दगड रिकाम्या डोक्याचे नाहीत. त्यांच्यात बरेच काही भरलेले आहे. ते आम्हांला उशिरा कळले, आणि कसे कळले ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आपल्या शाळेतील चार कुटुंबे हंटरडन काउंटीत सफरचंदे तोडायला गेली होती. मळ्याच्या कडेने एक ओढा वाहतो. मुले अर्थातच सफरचंदे सोडून ओढ्यात उतरली. आमच्या मुलीने तिथून एक करडा, चपटा, वहीएवढा दगड उचलून आणला. त्याच्यावर वेड्यावाकड्या रेघांची जाळी होती. मळ्याच्या मालकाने हसत "घेऊन जा" म्हटले आणि दगड आमच्याबरोबर घरी आला. काही आठवडे तो गॅरेजच्या दारात होता. दोनदा आम्हीच त्याला ठेचकाळलो. मग दिवाळीची साफसफाई निघाली आणि आम्ही तो इतर अडगळीबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकला. गाडी आली, घेऊन गेली.

दोन दिवसांनी मुलीने विचारले, "बाबा, माझं तळं कुठे आहे?"

"कसलं तळं?"

"दगडावरचं. पाणी आटलं की चिखल असा होतो ना, तसं होतं ते. आजीच्या गावाला आपण बघितलं होतं."

आम्ही तो दगड नुसता पाहिला होता, तिने वाचला होता. एका उन्हाळ्यात आजोळी गेलो असताना गावचे तळे पूर्ण आटलेले होते आणि तळाच्या चिखलाला भेगा पडून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. तीच नक्षी तिने दगडावर ओळखली. आम्हांला वाटले, पोरीची कल्पना. तरी अपराधी वाटून आम्ही गावातल्या ग्रंथालयात गेलो आणि न्यू जर्सीच्या दगडांवरची पुस्तके काढून वाचू लागलो. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्या भागात असे दगड पुष्कळ मिळतात आणि त्यांवरच्या भेगा खरोखरच एका आटलेल्या तळ्याच्या आहेत. फक्त ते तळे सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी आटले होते.

हा पाठ म्हणजे त्या फेकलेल्या दगडाची भरपाई समजा.

आपल्या पायाखालचे तळे

तेव्हा जगाचा नकाशा निराळा होता. सगळे खंड एकमेकांना चिकटून एकच महाखंड झालेला होता. त्याला पॅन्जिया म्हणतात. आजची न्यू जर्सी विषुववृत्तापासून फार दूर नव्हती आणि तिच्या पूर्वेला अटलांटिक महासागर नव्हताच. तिथे आफ्रिकेचा मोरोक्को होता. भारत दक्षिणेकडे आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिकाला जोडलेला होता. म्हणजे त्या काळी इथून आजोळी जायला विमान लागले नसते. चालत जाता आले असते, फक्त सुटी जरा मोठी हवी होती!

मग हा महाखंड ताणला जाऊ लागला. कणीक दोन्ही हातांनी ओढली की मध्ये ती पातळ होऊन खचते, तशी जमीन खचली आणि लांबट खोरी तयार झाली. त्यांतल्या एका खोऱ्याला नेवार्क खोरे म्हणतात. ते आजच्या न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड काउंटीपासून न्यू जर्सी ओलांडून पेनसिल्व्हेनियात जाते. आपली शाळा भरते ती इमारत आणि तुमच्यापैकी बहुतेकांची घरे याच खोऱ्यात आहेत.

खोऱ्यात आधी नद्यांनी वाळू आणली, नंतर तिथे तळे साचले. तळ्याच्या तळाशी चिखल बसत गेला, वरच्या वजनाने दाबला गेला आणि त्याचा दगड झाला. एकाच काळात, एकाच प्रकारे बनलेल्या दगडांच्या अशा मोठ्या थराला शैलसमूह म्हणतात. या तळ्याच्या थराचे नाव लॉकाटाँग शैलसमूह. हंटरडन काउंटीतल्या लॉकाटाँग नावाच्या ओढ्यावरून हेन्री क्युमेल या भूवैज्ञानिकाने १८९७ साली हे नाव दिले. थराचा रंग बहुतेक ठिकाणी करडा किंवा काळा आहे. खोऱ्याच्या मध्यभागी त्याची जाडी हजार मीटरच्या आसपास भरते.

तळ्याचे लूप

आता यातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट. आम्ही पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅममध्ये एकच काम पुन्हापुन्हा करून घ्यायचे असेल तर लूप लिहितात. लॉकाटाँगचे दगड म्हणजे निसर्गाने लिहिलेले लूप आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातील भूविज्ञानाचे प्राध्यापक फ्रँकलिन व्हॅन हाउटन यांनी १९६० च्या दशकात दाखवले की हे थर मनाला येतील तसे रचलेले नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला आहे:

१. आधी करडा चिखल. तळ्यात पाणी चढू लागले आहे.

२. मग काळा, वहीच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांचा दगड. तळे पूर्ण भरले आहे. पाणी इतके खोल की तळाशी प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे तळाचा चिखल उकरणारे किडे तिथे जगत नाहीत आणि वरून पडलेला मासा जसाच्या तसा राहतो.

३. मग पुन्हा करडा, कधी तांबूस चिखल, भेगा पडलेला. तळे आटले आहे.

आणि पुन्हा पहिल्यापासून. असा एक फेरा साधारण ५ मीटर जाडीचा असतो. आमच्या मुलीचा दगड तिसऱ्या पायरीचा होता.

हे लूप कोण चालवत होते? उत्तर आपल्या पंचांगाजवळ आहे. आपण शाळेत संक्रांतीचा तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीच्या सुमारास वाटतो. सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून हा सण, असे आपण शिकतो. पण आकाशात सूर्य खरा वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला! सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकत्र होते. पुढे ते दूर गेले, दर सत्तर-बहात्तर वर्षांनी साधारण एका दिवसाने. कारण पृथ्वीचा आस स्थिर नाही. भोवरा फिरताना त्याची मान जशी हळूहळू गोल डुलते, तसा पृथ्वीचा आस डुलतो. एक डुलकी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. याला परांचन म्हणतात. पंचांगवाले संपातचलन म्हणतात.

शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची लांबट वाटही सावकाश फिरते. या दोन्हींचा मिळून परिणाम असा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते ते बदलत राहते. आज ती जानेवारीच्या सुरुवातीला जवळ असते. तीच उन्हाळ्यात जवळ आली की जमीन जास्त तापते आणि पाऊस जोरदार होतो. हा फेरा सुमारे २०,००० वर्षांचा असतो. पाऊस वाढला की तळे भरले, कमी झाला की आटले. आपल्याकडे मृगाच्या पावसाची वाट पाहतात. त्या तळ्याला पुढच्या भरतीसाठी वीस हजार वर्षे वाट पाहावी लागे.

आता आपण ढोबळ हिशेब करू. जाडी १,००० मीटर, एक फेरा ५ मीटर, म्हणजे २०० फेरे. प्रत्येक फेरा २०,००० वर्षांचा. २०० गुणिले २०,००० म्हणजे ४० लाख वर्षे. लॉकाटाँगचे तळे एवढा काळ भरत आणि आटत होते. शास्त्रज्ञांचे बारीक हिशेबही याच्या आसपासचे आकडे देतात.

हे नुसते कागदावर राहिले नाही. १९९० ते १९९३ या काळात न्यू जर्सीत सात ठिकाणी खोल भोके पाडून दगडाचे सहा हजार मीटरहून अधिक लांबीचे दंडगोल बाहेर काढण्यात आले. त्यांत हे छोटे फेरे मोठ्या फेऱ्यांत गुंफलेले दिसले. सर्वांत पक्का मोठा फेरा ४,०५,००० वर्षांचा आहे. गुरू आणि शुक्र यांच्या ओढीमुळे पृथ्वीची वाट कमीजास्त लांबट होते, त्याचा हा ताल. न्यू जर्सीच्या दगडांवरून केलेली ही मोजणी अॅरिझोनातील दगडांत सापडलेल्या ज्वालामुखीच्या स्फटिकांशी ताडून पाहण्यात आली आणि २०१८ साली ती बरोबर असल्याचे प्रसिद्ध झाले.

तळ्यातले आणि काठावरचे रहिवासी

त्या काळाला ट्रायासिक म्हणतात. डायनोसॉर तेव्हा पृथ्वीवर आले होते, पण अजून राजे झाले नव्हते. लॉकाटाँगच्या काळ्या दगडात सापडणारे पृष्ठवंशी प्राणी, म्हणजे पाठीचा कणा असलेले प्राणी, बहुतेक वीतभर किंवा त्याहूनही लहान. मोठा म्हणावा असा होता फायटोसॉर. तो दिसायला आपल्या सुसरीसारखा. लहानांनी त्याला भिऊन असावे एवढा थोर.

मासे. त्यांत डिप्लुरस नावाचा लहानसा मासा विशेष. तो सीलाकँथ कुळातला. हे कुळ डायनोसॉरांबरोबरच नष्ट झाले असे सगळे समजत होते. पण १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ या कुळातला जिवंत मासा जाळ्यात आला आणि जग थक्क झाले. आपल्या शेजारी प्रिन्स्टनमध्ये तर आणखी मजा झाली. १९४६ साली विद्यापीठाच्या फायरस्टोन ग्रंथालयाचा पाया खणताना लॉकाटाँगचा काळा थर लागला आणि त्यात शेकडो डिप्लुरस निघाले. आज त्या जागी विद्यार्थी पुस्तकांची पाने उलटतात. त्याच जागी आधी दगडाची पाने उलटून झाली आहेत.

लांबमान्या. हे आम्ही दिलेले नाव. खरे नाव टॅनिट्रॅकेलॉस, त्याचा अर्थही लांब मानेचा असाच आहे. पाण्यात वावरणारा हा छोटा सरपटणारा प्राणी. याचे जीवाश्म सर्वांत जास्त व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील एका खाणीत मिळाले. तिथेही असेच एक तळे होते. १९७९ साली पॉल ओल्सन यांनी त्याचे वर्णन करून नाव दिले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पानशेपट्या. खरे नाव हायप्युरोनेक्टर. लांबी अंदाजे १२ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या पेन्सिलीपेक्षा कमी. त्याच्या शेपटीच्या मणक्यांतून खाली लांब काड्यांसारखी हाडे उतरतात, त्यामुळे शेपटी झाडाच्या पानासारखी रुंद दिसते. अशी शेपटी पाहून तो पाण्यात वल्हे मारीत असावा असे वाटले आणि नावाचा अर्थही "खोल शेपटीचा पोहणारा" असा ठेवला गेला. हे नाव २००१ साली एडविन कोलबर्ट आणि ओल्सन यांनी दिले. कोलबर्ट तेव्हा ९५ वर्षांचे होते! पण त्याचे जवळचे नातलग झाडांवर राहणारे होते. म्हणून हाही पोहणारा नसून फांद्यांवर चढणारा असावा, असे काही शास्त्रज्ञ नंतर म्हणू लागले. हा वाद मिटलेला नाही. शास्त्रात वाद म्हणजे भांडण नव्हे. दोन्ही बाजूंनी त्याच हाडांकडे पुन्हा नीट बघायचे असते. त्यासाठी ती हाडे जपून ठेवलेली असावी लागतात.

इकॅरोसॉरस. हा आपल्या पाठाचा नायक. तळहातावर मावेल एवढा, सुमारे १० सेंटिमीटर. याच्या बरगड्या छातीशी वळून येत नाहीत, दोन्ही बाजूंना लांबच लांब बाहेर जातात. त्यांच्यावर कातडी ताणलेली असे आणि त्या पंख्यावर हा प्राणी झाडावरून झाडावर तरंगत जाई. उडणे नव्हे, तरंगणे. छत्रीच्या काड्या उघडाव्यात तसे.

असा प्राणी खरेच असू शकतो का? असू शकतो, आणि आजही आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणाच्या माथ्यावरच्या सह्याद्रीच्या जंगलात उडता सरडा राहतो. तोही लांब बरगड्यांवर कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगतो. पण तो इकॅरोसॉरसचा पणतू नाही. दोघांचे घराणे वेगळे, मध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर. एकच अडचण दोघांनी एकाच युक्तीने सोडवली, इतकेच.

अल्फ्रेडचा दगड

जर्सी सिटीच्या उत्तरेला नॉर्थ बर्गन हे गाव आहे. तिथे ग्रँटन नावाची दगडाची खाण होती. सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी पॅन्जिया फाटत असताना जमिनीखालून तप्त शिलारस वर आला आणि लॉकाटाँगच्या थरांमध्ये आडवा घुसून थिजला. हडसन नदीकाठचे पॅलिसेड्सचे काळे कडे म्हणजे तोच थिजलेला रस. ग्रँटनच्या खाणीतही असाच कठीण दगड होता आणि तो रस्त्यांच्या व रेल्वेच्या खडीसाठी फोडला जाई. त्याच्याबरोबर लॉकाटाँगचा काळा थरही उघडा पडे. खाणीला खडी हवी होती. काळ्या थरातल्या मासळीशी तिला काय करायचे?

पण काही शाळकरी मुलांना करायचे होते. ती तिथे जाऊन दगड उलटून बघत. त्यांतला एक अल्फ्रेड सीफकर. १९६० साली त्याला एका दगडात बारीक हाडांचा सांगाडा दिसला. तो त्याने नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात नेऊन दाखवला. तिथे कोलबर्ट होते. त्यांनी १९६६ साली या प्राण्याला नाव दिले इकॅरोसॉरस सीफकरी. ग्रीक कथेतला इकॅरस मेणाचे पंख लावून उडाला आणि समुद्रात पडला. हा चिमुकला प्राणीही बहुधा तसाच तरंगता तरंगता तळ्यात पडला असावा. दुसरा शब्द अल्फ्रेडच्या आडनावावरून. शाळेत शिकणाऱ्या मुलाचे नाव २२ कोटी वर्षांच्या प्राण्याला मिळाले!

गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. पण तो दगड अल्फ्रेडच्या मालकीचा होता. पुढे त्याने तो संग्रहालयाकडून परत घेतला. ऑगस्ट २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा लिलाव झाला. ज्या एका नमुन्यावरून एखाद्या जातीचे नाव ठरते त्याला शास्त्रात मूळ नमुना म्हणतात. नंतर कोणालाही शंका आली तर त्याच्याशीच ताडून पाहायचे असते. इकॅरोसॉरसचा असा सांगाडा एकच. तो कोणाच्या दिवाणखान्यात शोभेसाठी गेला असता तर पुढच्या अभ्यासकांना दार वाजवून "जरा बघू द्याल का?" असे विचारत फिरावे लागले असते.

लिलावात कॅलिफोर्नियातील डिक स्पाइट या गृहस्थांनी तो १,६७,००० डॉलरना घेतला आणि त्याच संग्रहालयाला देऊन टाकला.

आमच्या घरी यावर मोठी चर्चा झाली. मुलीचे म्हणणे, "सापडला अल्फ्रेडला, म्हणजे त्याचाच." धाकट्याचे म्हणणे, "नाही, सगळ्यांचा." आम्ही आधी धाकट्याच्या बाजूने बोललो. पण मुलीने विचारले, "मग माझा दगड कोणाचा होता? तुम्ही मला न विचारता फेकलात." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. विचार केल्यावर आम्हांला असे वाटते: दगड विकत घेता येतो, पण त्यातली माहिती एकाची नसते. अल्फ्रेडने तो उचलला, ओळखणाऱ्याकडे नेला, हे त्याचे मोठे काम. स्पाइट यांनी तो विकत घेऊनही स्वतःकडे ठेवला नाही, हे त्यांचे. दोघांपैकी एकही नसता तर आज या पाठात नायकच नसता.

आता पॉल ओल्सन. तेही शाळेत असतानाच दगडांच्या नादी लागले. १९६८ साली रोझलंड गावातील एका खाणीत डायनोसॉरांच्या पावलांचे ठसे असल्याचे कळल्यावर ते आणि त्यांचा मित्र सायकलींवरून तिथे जाऊ लागले. हे ठसे लॉकाटाँगपेक्षा तरुण, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. खाणीची जागा बांधकामाखाली जाणार असे दिसताच या मुलांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. ओल्सननी तर एका पाऊलठशाचा साचा थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाठवला. १९७१ साली जागेच्या एका भागाला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. पुढे हेच ओल्सन तळ्याच्या लूपचे नामवंत अभ्यासक झाले. ग्रँटनच्या खाणीला मात्र असे कोणी वाचवले नाही. ती बंद झाली आणि तिच्या जागेवर बांधकामे उठली.

आणि आपल्या मुंबईचे बेडूक

हे सगळे अमेरिकेतलेच झाले, असे समजू नका. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडाचा आहे त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवरून आला. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसल्यामुळे. तुम्ही ज्या वॉचंग टेकड्यांवरून गाडीने जाता, त्यासुद्धा अशाच लाव्ह्याच्या थरांच्या, फक्त सह्याद्रीपेक्षा पुष्कळ जुन्या.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुंबईच्या जागी लाव्हा वाहत होता, पण सतत नव्हे. मधल्या शांततेत तळी साचत, त्यांत जीव वाढत, मग पुन्हा लाव्हा येई. वरळीच्या टेकडीत अशा एका तळ्याचा थर सापडला आणि त्यात छोट्या बेडकांचे सांगाडे निघाले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली या बेडकांचे वर्णन केले. तुमच्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा वरळी किंवा दादरला राहतात, त्यांनी पुढच्या फोनवर त्यांना हे जरूर सांगावे. त्यांना बहुधा ठाऊक नसेल. आम्ही मुंबईत चार वर्षे काढली, शिक्षणही अभियांत्रिकीचे, आणि आम्हांलाही ठाऊक नव्हते.

मग आपण काय करायचे?

दगड परत येणार नाही. पण एक गोष्ट शिल्लक आहे. मुलीने तो दगड आणला त्याच रात्री आपल्या मराठीच्या वहीत त्याचे चित्र काढले होते आणि खाली लिहिले होते: "तळे. ओढ्यात मिळाले. मोठ्या लाल कोठारामागे." शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या बाईंनी तेव्हाच लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. दगड कुठे मिळाला हे लिहून ठेवणे ही अभ्यासाची पहिली पायरी. ती तिने कोणी न शिकवता गाठली. जागेची नोंद नसलेला दगड म्हणजे नाव न देता साठवलेली फाइल. आत कितीही मोलाचे असो, पुन्हा हाती लागणे कठीण. ते चित्र याच अंकात पुढच्या पानावर दिले आहे. झेरॉक्समध्ये भेगा जरा जास्तच काळ्या आल्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

बाईंच्या परवानगीने वर्गातल्या कपाटाचा खालचा कप्पा आम्ही रिकामा केला आहे. तिथे प्रत्येकाने बुटांच्या खोक्यात आपले दगड ठेवावेत. प्रत्येक दगडाबरोबर मराठीत चिठ्ठी हवी: कुठे, कधी, कोणाला. नियम तीन. जागा ज्याची असेल त्याला विचारल्याशिवाय काही उचलायचे नाही. सरकारी उद्यानातून दगड आणायचा नाही, चित्र काढून आणायचे. आणि हाडासारखे काही दिसले तर तसेच ठेवून, फोटो काढून, संग्रहालयात कळवायचे.

पालकांसाठी नियम एकच. त्या कप्प्याची साफसफाई आपण करायची नाही.

नवे शब्द

जीवाश्म: दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवाचे अवशेष किंवा ठसे.
शैलसमूह: एका काळात, एका प्रकारे बनलेल्या दगडांचा मोठा थर.
पृष्ठवंशी: पाठीचा कणा असलेला प्राणी.
शिलारस: जमिनीखालील वितळलेला खडक.
परांचन: पृथ्वीच्या आसाचे भोवऱ्यासारखे डुलणे.
मूळ नमुना: ज्यावरून एखाद्या जातीचे नाव ठरते तो नमुना.

प्रश्न

१. काळ्या, पातळ पापुद्र्यांच्या दगडात मासे चांगले का टिकले?

२. एका ठिकाणी लॉकाटाँगचा थर १५० मीटर जाड आहे. त्यात अंदाजे किती फेरे असतील? त्यांना किती वर्षे लागली असतील?

३. उडता सरडा आणि इकॅरोसॉरस यांच्यात सारखे काय आणि वेगळे काय?

४. इकॅरोसॉरसचा सांगाडा कोणाचा? तुमचे मत पाच वाक्यांत लिहा. "कारण" हा शब्द निदान दोनदा आला पाहिजे.

करून पाहा

एका पसरट ताटलीत बागेतली चिकणमाती पाण्यात कालवून बोटभर जाड थर द्या. उन्हात ठेवून रोज चित्र काढा. भेगा कोणत्या दिवशी पडल्या आणि त्यांच्या पापड्यांना किती बाजू आहेत ते मोजा. भेगा पडल्यावर त्यांत हलकेच बारीक वाळू भरा. मग आईबाबांना विचारा, "हे काय आहे?" ते "चिखल" म्हणाले, तर त्यांना हा पाठ वाचायला द्या.